धुऱ्यावरची धायटी

ठमाबाई माही मोठी जाऊ. तोंडानं अशी का बापा बापा! गावातलं कुत्रंही तिच्या अंगणातून शेपूट घालून जाये. पण रोवणीले उतरली तं दोन बायांइतकं रोवे, अन् माह्या दोन्ही बाळंतपणात रात रात जागली ते तीच. हेही सांगितलं पायजे.

वावराचे हिस्से झाले अन् धुऱ्यावरची, म्हणजे मधल्या बांधावरची, धायटी दोघींच्या मधात राह्यली. झुडूपच ते, पण फागुनात लाल फुलानं असं भरे का पान दिसे नाई. फुलं वाळवून वैद्याले विकाची, घरी कोणाले हगवण लागली तं काढा कराचा. ती म्हणे माही, मी म्हणो माही. तिचा पोरगा निकेश कोकणात कामाले. तो म्हणे, "इकडच्या डोंगरावर हीच धायटी रग्गड आहे, कायले भांडता?" कोण ऐकते! दोन सालं बोलणं बंद.

त्या दिवशी सकाळी मी माह्या वावरात काट्या तोडत होती. तिकडून तिचा आवाज आला, "खुशबू, चोट्टे! फुलं ओरबाडून राह्यली का? थांब, तुह्या झिंज्या उपटतो!"

मी तं धायटीच्या जवळही नव्हती. डोकंच फिरलं माहं. म्हटलं, आज हिचं तोंडच फोडतो. कुऱ्हाड हातात होती, तशीच धावली.

धायटी हलताना पाहून तिनं मीच समजून आत काठी हाणली होती. आत अस्वल होतं.

मी पोचली तवा ते तिच्या छातीवर होतं. अर्धं तोंड सोललेलं, ओठ लोंबत होता, एक डोळा फुटलेला. तरी ती दोन्ही हातानं त्याची मान ढकलत होती. मी कुऱ्हाड त्याच्या खांद्यात घातली. ते माह्यावर वळलं. दुसरा घाव, तिसरा. मी मारत होती, बोंबलत होती, रडत होती. त्याचं हाड मोडल्याचा आवाज आला तवा ते जंगलात पळालं. मी तिचा ओठ पदरानं दाबून धरला.

दवाखान्यात लोकं म्हणे, "जाऊ असावी तं अशी!" मी खाली पाहो.

ठमाबाई वाचली. फाटक्या ओठानं आता माहं नावही धड निघत नाई. परवा धायटीखाली फुलं तोडता तोडता तिनं विचारलं, "खुशऊ, खरं सांग. कुऱ्हाड घेऊन कोणाकडं धावली होतीस?"

"अस्वलाकडं, बाई."

"अस्वल आहे, हे तुले ठाऊकच नोतं."

मले रडूच फुटलं. तिनं हात लांब करून माह्या झिंज्या मुठीत धरल्या, अन् बराच वेळ सोडल्या नाई.