ढिल्या तारांची गिटार

आमच्या गावात वाजणारी कुठलीही वस्तू विकत घ्यायची म्हटली, की बँजोवाल्याला सोबत न्यायची पद्धत आहे. भजनाची पेटी असो, गणपतीतला ताशा असो, त्याच्याशिवाय दुकानाची पायरी चढायची नाही. आणि बँजोवाला म्हणजे माझा मोठा भाऊ. म्हणून मला इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीय असं मी घरात सांगितलं, तेव्हा कशाला हवी, हे कुणी विचारलंच नाही. आई एवढंच म्हणाली, "दादाला ने. तुला काय कळतंय त्यातलं?"

मला कळत होतं. मी कामाला होते त्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला कल्याणची एक मुलगी होती, ती मेटल वाजवणाऱ्या, म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या रॉकच्या, एका बँडमध्ये ड्रम वाजवायची. पहिल्यांदा तिनं हेडफोनची एक बाजू माझ्या कानात घातली, तेव्हा मला ते गाणं वाटलंच नाही. कुणीतरी रागावलंय, एवढंच कळलं. आणि गंमत म्हणजे त्याला कुणी गप्प बस म्हणत नव्हतं. आमच्या घरात आवाज चढवायचा तो पुरुषांनी. बाईनं चढवला तर तिच्या अंगात आलं म्हणतात. मी ते गाणं पुन्हा लाव म्हटलं, आणि त्या दिवसापासून तिच्या जुन्या गिटारीवर बोटं सोलून घ्यायला लागले.

त्यांच्या बँडमध्ये दुसऱ्या गिटारची जागा रिकामी झाली होती. ते म्हणाले, तुझी तू गिटार घेऊन ये, रविवारच्या सरावाला बस, तोवर जागा धरून ठेवतो. आयुष्यात माझ्यासाठी कुणी जागा धरून ठेवल्याची ही पहिलीच वेळ. घरात तर ताटसुद्धा सगळ्यांचं उरकल्यावर. म्हणून गिटार एकदाच घ्यायची आणि नीट घ्यायची, असं मी ठरवलं. चुकली तर दुसरी घेण्याची ऐपत नव्हती.

काय बघायचं ते मला पाठ होतं. मेटल वाजवायचं तर आवाज उचलणारं यंत्र दुहेरी वेटोळ्याचं हवं, एकेरी असलं की आवाज वाढवल्यावर नुसतं घूंऽऽ करतं. तारा जिथं अंगाला बसतात तो पूल पक्का ठोकलेला हवा. हलणारा पूल स्वस्तातल्या गिटारीला असला की सूर टिकत नाही, निम्मा वेळ तारा लावण्यातच जातो. आणि मान सरळ हवी. ती बघायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. घराला वासा घेताना बाबा एक डोळा मिटून टोकाकडून बघायचे, तसंच बघायचं.

दुकानात आम्ही गेलो तर दुकानदार दादाशीच बोलायला लागला. मधेच माझ्याकडं वळून म्हणाला, "ताईंना शिकायचंय ना? मग साधी लाकडी घ्या, आवाज गोड असतो." गोड! मला गोड हवं असतं तर मी बुंदी केली असती. दादानं तोवर एक लालभडक, चकाकणारी, दांडा दाबला की पूल हलून सूर डुलणारी गिटार मांडीवर घेतली होती. "ही घे गो. बघ कसा सूर लोळतोय. हळदीच्या गाण्यान् काय शोभंल."

"मला हळदीला नाही वाजवायचं, दादा."

"मंग कुठं वाजवणार?"

मी कोपऱ्यातली एक काळी, बिनचमकीची गिटार काढून घेतली, डोळा मिटून मान बघितली, कडेनं बोट फिरवून मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं हाताला लागतात का बघितलं, आणि दुकानदाराला म्हटलं, ही द्या. सोबत छोटा स्पीकर आणि आवाज फाडणारा तो पायानं दाबायचा डबा. माझ्या पगाराचे पैसे होते म्हणून दादाला काही बोलता आलं नाही. परतताना बाईकवर तेवढं म्हणाला, "मेल्याच्या दारातली वाटतेय. कलर तरी बघायचा."

घरी आल्यावर छोट्या स्पीकरचा आवाज पुरेना म्हणून मी एकदाच ती दादाच्या बँजोच्या मोठ्या स्पीकरला लावली. डब्यावर पाय दिला आणि जाड तारेवर एक हात मारला. काय सांगू! भिंतीवरची भांडी वाजली. माझ्या छातीत जे इतकी वर्षं बसलं होतं ते खोलीभर झालं. दादा अंगणातून धावत आला आणि त्यानं बटणच बंद केलं. "स्पीकर फाडतेस काय? याला काय आवाज बोलतात?" त्या दिवसापासून मी हेडफोन लावून वाजवायला लागले. डब्याच्या तीन खुंट्या कुठं फिरवल्या की माझा आवाज मिळतो, तिथं लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. दोन रविवार सरावालाही बसले. ड्रमवाली म्हणाली, आता तू आमच्यातली.

आता तारांचं सांगते, कारण सगळं मुसळ तिथंच केरात गेलं. आमच्याकडचा बँजो म्हणजे लाकडी पेटीवर तारा आणि वर दाबायची बटणं. त्याच्या वाजवायच्या तारा सगळ्या एकाच सुरात लावतात, आणि वरातीच्या गोंगाटात आवाज कापत जावा म्हणून अशा ताणतात, की माशी बसली तर कापली जावी. मेटलचं नेमकं उलटं. तिथं तारा नेहमीपेक्षा उतरवायच्या, जाड तार तर जास्तच, म्हणजे आवाज पोटातून येतो. आणि सहा तारांचे सहा वेगळे सूर. हे मी दादाला सांगितलं होतं. तो हसला होता. "ढिली तार म्हंजे ढिला वाजिवणारा."

तुळशीचं लग्न लागलं की हळदीचा सीझन सुरू होतो. त्याआधी दादाची बँजो पार्टी सगळी वाद्यं अंगणात काढते. ढोलक्या ताणायच्या, बँजोच्या तारा बदलायच्या, आणि मग नारळ फोडायचा. सीझनला घरात ढिलं वाद्य राहू नये, अपशकुन होतो, असं आमच्याकडं मानतात. मी त्या दिवशी कामावर होते. भिंतीवरून माझीही गिटार उतरवली गेली.

मी संध्याकाळी आले तेव्हा घरात ही गर्दी. दादा ओटीवर बसलेला, त्याच्या उजव्या तळव्यावर आई हळद दाबत होती, वहिनी वारा घालत होती, पार्टीतले दोघं गाडी आणू का विचारत होते. तार तुटून हाताला लागली होती. मी विचारलं, कुठली तार. मग मला अंगणात चटईवर माझी गिटार दिसली, आणि तिच्याशेजारी पकड.

त्यानं सहाच्या सहा तारा बँजोच्या सुरात ओढल्या होत्या. जाड तारा हातानं पिळेनात म्हणून खुंट्यांना पकड लावली होती. मी ती उचलली आणि डोळा मिटून बघितलं. मान धनुष्यासारखी वाकली होती, आणि खुंट्यांच्या खाली, जिथं मान संपते, तिथं आरपार चीर गेली होती.

"हे काय केलंस?" मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

आई उसळली. "आधी भावाचा हात बघ! सीझन तोंडावर आलाय, आता बँजो कोन वाजवंल? त्या काळतोंडीला घरात आनली तवाच मी बोलले होते."

घ्या. आपलाच हात भाजायचा आणि आपल्यालाच विचारायचं, चूल का पेटवली. मोडली माझी गिटार आणि पनवती ठरली तीच. त्या रात्री हळदीचं दूध दादाला मिळालं. दादा बिचारा म्हणाला एवढंच, "मी चांगल्यासाठीच लावत व्हतो गो. तारा लय ढिल्या व्हत्या." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हेही खरं. त्याचाच मला जास्त राग आला. पाणी माझ्या डोळ्यांत यायला हवं होतं, पण तेवढी जागासुद्धा त्यानं ठेवली नाही.

कल्याणच्या दुरुस्तीवाल्यानं गिटारची मान हातात धरून डोकं हलवलं. याच्यापेक्षा नवी घ्या, म्हणाला. बँडवाले थोडे दिवस थांबले. त्यांचं तरी काय चुकलं? मग एक मुलगा आला, त्याच्याकडं त्याची गिटार होती. ड्रमवाली जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी बसायची ती हळूहळू पलीकडं बसायला लागली.

दादाचा हात बरा झाला. माघात शेजारच्या मुलीची हळद होती. दिवे लागले होते, बायका नवरीला हळद लावत होत्या, मीही त्यात होते. पार्टीनं सुरुवात केली आणि माझा हात नवरीच्या गालावरच थांबला. बँजोतून माझा आवाज येत होता. तोच, पोटातून येणारा, फाटका, रागावलेला. मांडवातली पोरं वेडी झाली. एकजण ओरडत होता, "दादा, हा नवीन साउंड भारी हाय!" शेजारची काकू मला म्हणाली, आता सगळीकडून तुज्या दादालाच बोलावतात या आवाजासाठी. भातसानगरपासून पार मुरबाडपर्यंत.

मी हळदीच्या हातानंच गर्दीतून गेले. स्पीकरच्या मागं माझा डबा होता, गिटार मोडल्यावर मी माळ्यावर टाकून दिलेला, खुंट्या अगदी लाल ठिपक्यांवर. बदलल्यासुद्धा नव्हत्या. मी वाकून वायर काढली. बँजो एकदम डास गुणगुणल्यासारखा झाला आणि नाच थांबला. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"माझा आहे," मी म्हटलं, आणि डबा ओढणीत घेतला.

दादा बँजो खाली ठेवून माझ्या मागं आला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो समजावणीच्या सुरात बोलला, लहानपणी मला पाटी धरून शिकवायचा तसा.

"अगो, पन तुज्याकडं आता गिटार कुठं हाय? तुला काय उपेग त्याचा?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.