सांतो तोमासची तहान

बासिलिया रोलोनसारखी तोंडाळ बाई पॅराग्वेतल्या आमच्या विल्यारिकाच्या बाजारात दुसरी नाही. वीस वर्षं तिच्या शेजारी बसून बर्फ विकतेय, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. ती औषधी पाला कुटून विकते; तेरेरे म्हणजे पेल्यातल्या पत्तीवर ओतून नळीने ओढायचं थंडगार पाणी, त्यात हा पाला घालतात. गिऱ्हाईक आलं की मुसळ उचलायच्या आधी भर बाजारात विचारणार, "पोट साफ होतं का रे?" भलेभले लाजून अर्धे होतात.

गेल्या वर्षी हिच्याच आतड्यात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग दर पंधरा दिवसांनी राजधानीला जाऊन केमो. बारा खेपा घ्यायच्या होत्या. पाचव्या खेपेनंतर बोटं बधिर झाली आणि गार काही लागलं की बाई विजेचा झटका बसल्यासारखी किंचाळायला लागली. मला म्हणते कशी, "सेवेरा, तुझं ते बर्फाचं मढं तिकडे सरकव!" त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात लोकरीचे हातमोजे घालून ही पाला कुटायची.

डोकंही धड चालेना. एकदा लांब पल्ल्याच्या बसच्या ड्रायव्हरला पोटदुखीऐवजी लघवी सुटायचा पाला कुटून दिला. राजधानीपर्यंत बस नऊ वेळा थांबली. तो भांडायला आला, तर हीच त्याच्यावर डाफरली, "आतून धुऊन निघालास ना? आभार मान!"

"डॉक्टरांना सांग गं," मी रोज कानीकपाळी ओरडायचे.

"सांगितलं की औषध बंद करतील. औषध बंद झालं की मी संपले. तू तोंड शिवून बस."

नवव्या खेपेला मी सोबत गेले. डॉक्टर साल्दीवार तसा पोरसवदाच, टेबलावर तेरेरेचा थर्मास.

"हातांना मुंग्या येतात? गुंड्या लावता येतात?"

"न यायला काय झालं?" ही म्हणाली. सकाळी हिच्या झग्याच्या गुंड्या मीच लावल्या होत्या.

"गार सोसतं?"

"गार सोसत नसेल तर मला पॅराग्वेची बाई कोण म्हणेल?"

डॉक्टरने थर्मास उचलला. त्याने शिंगाच्या पेल्यात बर्फाचं पाणी ओतलं आणि तिच्यापुढे धरलं. पुढे केलेला पेला आमच्यात कोणी नाकारत नाही. हिने झग्याच्या टोकात धरून तो घेतला आणि मांडीवर ठेवला.

"पहिलं पाणी सांतो तोमासचं," ती म्हणाली.

ते खरंच आहे. पहिलं पाणी पेल्यातली पत्ती शोषून घेते. ते पाणी संत तोमास पितात आणि आपण थांबायचं असतं. आम्ही थांबलो.

"बाई, सकाळपासून मी याच पत्तीवर सहा पेले प्यायलोय. संतांचं केव्हाच झालं."

"मग परत लागली असेल तहान. उकाडा बघा ना केवढा!"

मी तोंडावर हात धरून हसत होते. डॉक्टर हाताची घडी घालून बसला. "संतांचं झालं की सांगा. मी थांबतो."

तेवढ्यात झग्यातून गारवा मांडीपर्यंत पोचला. बाई जी उडाली, तो पेला डॉक्टरच्या कागदांवर आणि पत्ती त्याच्या चष्म्यावर!

आणि ती रडायलाच लागली. "बोटं गेली तर जाऊ देत हो! पण औषध नका काढू. मला जगायचंय!" वीस वर्षांत तिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाला, "ते पाणी ओठाला लावू दिलं नसतंच मी, गार सोसतं का तेवढं बघायचं होतं. आणि औषध बंद करणार हे सांगितलं कोणी? दोन औषधं देतोय तुम्हाला. नसांना छळणारं काढू, दुसऱ्यावर बाराही खेपा पुऱ्या करू. पाचव्याच खेपेला बोलला असतात तर..."

"बोटं परत येतील?"

"बरीचशी येतील बहुतेक. वर्ष लागेल. पूर्ण येतीलच असं नाही सांगत."

परतीच्या बसमध्ये तिने डॉक्टरला शिव्या दिल्या, मग मला, मग सांतो तोमासला. मग खिडकीबाहेर बघत राहिली.

"सेवेरा, जरा माझी बोटं धर गं."

"अगं, हॉस्पिटलच्या फाटकापासून धरलीयेत."

तिने खाली बघून खात्री करून घेतली.