बोहनीचे वायसर

एसीच्या दोन जाळ्यांपैकी एक धुऊन वाळत ठेवली, दुसरी बादलीत साबणाच्या पाण्यात तशीच पडून आहे. पूजाही आज अर्धीच राहिली, नैवेद्य दाखवायचा राहिला. गजानन महाराज समजून घेतील. आधी कुसुमताईंचं लिहिते, नाहीतर मन लागायचं नाही.

कुसुमताई सक्करदऱ्यात आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. रोज सकाळी आमच्याकडची जास्वंदीची फुलं घेतात आणि महाल भागातलं त्यांचं दुकान उघडायला जातात. दुकान म्हणजे पत्र्याच्या छपराला लागणारं सामान: स्क्रू, हूक, वायसर, पट्ट्या. दुकानातल्या गजानन महाराजांच्या फोटोला फूल वाहिल्याशिवाय शटर पुरतं वर जात नाही.

दुकान काढलं त्यांच्या यजमानांनी, मारोतरावांनी. घराणं उमरेडच्या कोष्ट्यांचं. माग बंद पडला तेव्हा मारोतराव पत्रे ठोकायला शिकले आणि पुढे महालात गाळा घेतला. ते गेल्यावर सगळ्यांना वाटलं, बाई दुकान विकणार. बाई सरळ गल्ल्यावर जाऊन बसल्या. मिस्त्री लोक मस्करी करायचे, "मावशी, हे काही भाजीचं दुकान नाही." ताई म्हणायच्या, "माहीत हाये ना गा. भाजी खराब झाली तं वास तरी येते. तुमचं काम खराब झालं तं थेट घरमालकाच्या डोक्यावर टपकते."

मारोतरावांच्या दोन गोष्टी त्यांनी कधी सोडल्या नाहीत. एक म्हणजे बोहनी. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, आणि बोहनी व्हायच्या आधी दुकानातून एक खिळासुद्धा फुकट बाहेर काढायचा नाही. दुसरी गोष्ट वायसरची. स्क्रूच्या डोक्याखाली ती रबराची चकती असते ना, छपराचं पाणी तीच अडवते. ती बोटांत धरून वाकवून पाहायची, मगच द्यायची.

आज सकाळी ताई फुलांसाठी आल्या तेव्हा दुर्गेश आमच्या छपरावर चढलेला होता. आमच्या वरच्या खोलीला पत्रे आहेत आणि एसीचं आउटडोअर त्यावरच बसवलंय. दुर्गेश एसी दुरुस्त करतो. आम्हाला तो ताईंनीच सुचवलेला. दुकानात कोणी विचारलं की त्या त्याचाच नंबर देतात. ऊन चढलं की पत्र्यावर पाय ठेववत नाही, म्हणून तो लवकरच आला होता. आउटडोअर धुऊन खाली उतरला आणि त्यानं हात पुढे केला.

"काकू, हे पाहा. स्टँडच्या बोल्टाखालचे वायसर. पापडावानी मोडून राहिले. खोलीत डाग पडला म्हणून तुम्ही एसीले नावं ठेवून राहिल्या, तो बिचारा बेकसूर हाये. पाणी इथून उतरलं."

"इतकी वर्षं ऊन खाल्लं रे त्यांनी," मी म्हटलं.

ताईंनी एक तुकडा उचलला. दोन बोटांत दाबला, त्याचा भुगा झाला. फुलं पदरात तशीच घेऊन त्या पायरीवर बसल्या.

"भावना, माझ्या दुकानात असाच एक डबा होता वं."

मग सांगितलं. डबा सगळ्यात वरच्या फळीवर, पत्र्याला लागून होता. आतला माल न वापरताच उन्हानं कडक झाला. फेकायचा म्हणून ताईंनी बाजूला काढून ठेवला होता. गेल्या आठवड्यात शटर उघडलं आणि कळमेश्वरचे भैयाजी दारात उभे. लेक बाळंतपणाला आलेली, तिच्यासाठी गच्चीवर पत्र्याची खोली उठवत होते. तिला उकडू नये म्हणून एसीही घ्यायचा होता. स्क्रू होते, वायसरचा नवा माल मात्र दुपारी यायचा होता.

"बोहनीचं गिऱ्हाईक, कसं परत धाडू? काढला तोच डबा. एकही वायसर वाकवून नाही पाहिला. पाहिला असता तं देता आला नसता ना."

माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "जाऊ द्या ताई. देव बघून घेईल."

"देव का शिडी लावून चढन पत्र्यावर? देवाले काहून पुढं करतं वं? देल्लं म्या."

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्याच्या चिंतेवर मी नेहमी हेच एक वाक्य ठेवून मोकळी होते.

दुर्गेश आधी हसला, मग एकदम त्याच्या लक्षात आलं. "कळमेश्वरचे भैयाजी? तिथं एसी म्याच लावला, मावशी. वायर त्याच पत्र्यातून खाली घेतली हाये. पाणी आलं तं वायरीच्या अंगानं सरळ बोर्डात जाईन. आन् पोरीची खाट तिथंच हाये."

आभाळ दोन दिवसांपासून भरून येतंय. कोणी वर पाहिलं नाही, पण तिघांच्याही मनात तेच होतं.

दुर्गेशनं फोन लावून ताईंच्या हातात दिला. पलीकडून भैयाजींचा आवाज इतका मोठा, की आम्हालाही ऐकू येत होता.

"अवं मावशी! नात झाली मले! कालच घरी आणली. खोली अशी थंडगार, का पोरगी डोळेच उघडत नाही! सामान चांगलं देल्लं बरं तुम्ही. पेढे घेऊन येतोच दुकानात."

"नोका येऊ," ताई एवढंच बोलल्या आणि फोन बंद केला.

"सांगतलं काहून नाही, मावशी?" दुर्गेशनं विचारलं.

"त्यानं पेढ्याचं नाव काढलं गा. माझी जीभच नाही उचलली."

त्यांनी तळहातावरचा भुगा झटकला. मग उठल्या. "पाना घे, दुर्गेश. सगळे स्क्रू काढा लागन ना?"

"सगळेच. पाऊस यायच्या आत."

मला राहवलं नाही. "ताई, अजून आजची बोहनी झाली नाही. पहिलाच माल फुकट बाहेर काढणार? मारोतराव असते तर..."

"असते तं त्यायनं मले दुकानातून हाकललं असतं. बोहनीसाठी नाही, वायसरसाठी."

पदरातली फुलं त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "तुझ्याच देवापुढं वाहून टाक. आज मले माझ्या महाराजांच्या फोटोकडं पाहवणार नाही."

"भैयाजींना काय सांगाल?"

"म्या जाणून देल्ले, हेच. मंग तो पेढा देवो नाही तं शिव्या देवो."

ताई दुर्गेशच्या गाडीवर मागे बसून गेल्या. आधी महालात, दुकानातून नवा डबा घ्यायला. तिथून कळमेश्वरला, भैयाजींच्या पत्र्याचे वायसर बदलायला.