अडीच सेंटिमीटर

ती माझीच विद्यार्थिनी. आमच्या विद्यापीठाच्या बालआरोग्य संस्थेत मला शिकवायला लागून बारा वर्षं झाली होती, तेव्हा ती संशोधन अधिकारी म्हणून रुजू झाली. जत तालुक्यात जन्मलेल्या बाळांची यादी करून त्यांच्या वाढीची नोंद ठेवायचं काम मी उभं केलेलं. दर दोन महिन्यांनी गावोगाव शिबिर लावून वजन घ्यायचं, लांबी मोजायची. मी साताऱ्याची, ती जतची. आया माझ्याशी ‘व्हय मॅडम, न्हाई मॅडम’ एवढंच बोलायच्या. तिच्याशी कानडीत सुरू झाल्या की थांबायच्या नाहीत, तिला चुलीपाशी बसवून भाकरी खाऊ घालायच्या. मला चहा मिळायचा. खुर्चीवर बसवून.

एकदा आमच्या विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “आयांशी कसं बोलावं, हे विद्यार्थ्यांना आता हीच शिकवेल.” तो तास आजवर माझा होता. मी हसून मान हलवली. त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

मग मी तिच्या चुका शोधू लागले. खोटं कशाला सांगू, बाकीच्यांचे तक्ते मी एकदा तपासायचे, तिचे दोनदा. आणि सापडली एक. एका बाळाची लांबी चौथ्या महिन्यात मी त्रेसष्ट सेंटिमीटर लिहिली होती. सहाव्या महिन्यात तिनं लिहिली साडेसाठ. वाढायचं सोडून बाळ अडीच सेंटिमीटरनं आखूड झालेलं! मला इतका आनंद झाला, की तो लपवायला खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

बैठकीत मी म्हणाले, “मोजताना पाय सरळ धरले नसतील. गप्पांत लक्ष गेलं असेल.”

तिचा चेहरा उतरला. “मॅडम, मी दोनदा मोजलं. बाळ फार शांत वाटलं, तेही शेऱ्यात लिहिलंय.”

शेरा मी वाचलाच नव्हता. विभागप्रमुख सर म्हणाले, “दोघी जा आणि पुन्हा मोजून या.”

जीपनं सांगलीहून निघालो. ऊस मागे पडला, माळ सुरू झाला, टँकरमागची घागरींची रांग दिसली.

बाळाची आई एक गुटगुटीत बाळ घेऊन अंगणात आली. मी स्वतः त्याला लांबी मोजायच्या फळीवर झोपवलं. साडेसहासष्ट. मी विजयानं तिच्याकडे पाहिलं. ती फळीकडे बघतच नव्हती.

“मॅडम, मी मोजलेलं बाळ हे नाही,” ती म्हणाली आणि आईला कानडीत हळूच काहीतरी विचारलं. आईला रडू फुटलं. आतून तिची जाऊ जवळपास त्याच वयाचं दुसरं बाळ घेऊन बाहेर आली. ते दूध नीट ओढत नव्हतं, रडत नव्हतं, सारखं झोपायचं. आम्हा डॉक्टरांची नजर पडावी म्हणून आईनं शिबिरात आपल्या बाळाच्या नावावर जावेचं बाळ आणलं होतं.

“मग सरळ सांगून आणायचं ना!” मी म्हणाले.

जाऊ माझ्याकडे बघत म्हणाली, “पयल्यांदा सांगूनच आणलं हुतं की. तुमीच म्हनला, माहेरी कर्नाटकात जन्मल्यालं हाय, आमच्या यादीत बसत न्हाई.”

मला ते आठवतही नव्हतं.

मी बाळ हातात घेतलं. जाड जीभ, कोरडी कातडी, पुढे आलेली बेंबी, गार हातपाय. मिनिटभरात कळलं. थायरॉईडची जन्मजात कमतरता. रक्त तपासायचं आणि रोज एक गोळी द्यायची, उपाय एवढा साधा. “आत्ताच्या आत्ता सांगलीला न्यायचं,” मी म्हणाले. परतताना जाऊ मागच्या सीटवर माझ्या विद्यार्थिनीचा हात धरून बसली होती. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी.

माझं निदान बरोबर निघालं. पुढच्या बैठकीत मी सांगितलं, की तिचं मोजमाप बरोबर होतं आणि ते बाळ मीच परत पाठवलं होतं. शिबिरात येईल ते प्रत्येक मूल तपासायचं, यादीत असो वा नसो, असा नियम त्यानंतर झाला. मसुदा तिनंच लिहिला.

बाळ आता दीड वर्षाचं आहे. भिंतीला धरून उभं राहतं. बोलणं मागे आहे, आणि ते किती भरून येईल हे आमच्यापैकी कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. मेंदूची वाढ नीट व्हायला गोळी आणखी लवकर सुरू व्हायला हवी होती.

तो तास आता ती घेते. एकदा मी मागच्या बाकावर बसले होते. तिनं या बाळाची गोष्ट सांगितली. “निदान मॅडमनी मिनिटभरात केलं,” म्हणाली, आणि बाकीचं सगळं गाळलं. मुलं वळून माझ्याकडे कौतुकानं पाहू लागली. मी उठले आणि गाळलेलं सांगितलं, यादीसकट. खाली बसले तेव्हा हलकं वाटायला हवं होतं. पण मी तिच्या जागी असते, तर असं झाकून घेतलं असतं का, हाच विचार आला. आणि मला तिचा आणखीच हेवा वाटला.