सायफनपलीकडची कळशी

अंबडच्या पुढे दक्षिणेला निघालं, की कालव्याचा ओला, शेवाळलेला वास गाडीत शिरतो. बाकीचे हौसेने काचा खाली करतात. मी वर करतो. भर उन्हाळ्यात वाहतं पाणी पाहून कोणाचंही मन निवावं, पण त्या सरळ, मुक्या पाण्याची मला अजून भीती वाटते. नदी निदान बडबडते तरी. कालवा काहीच बोलत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वडिलांनी एक जुनी मॅटाडोर घेतली, मागे फळ्यांचा दिवाण ठोकला, रॉकेलचा स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप बसवलं, आणि आम्ही तिघं आपलाच जिल्हा बघायला निघालो. गावातले हसायचे, "बिऱ्हाड घेऊन कुठं चालले, गुरुजी?" खरं कारण आत्या होती. नवरा गेल्यापासून ती जेवायची, हसायचीसुद्धा, पण जरा उशिरा, कोणीतरी आठवण करून दिल्यासारखी. माणसाला फिरवलं, चार जुन्या गोष्टी दाखवल्या की ते पुन्हा माणसांत येतं, असा वडिलांचा भाबडा हट्ट. जाफराबादच्या पडक्या तटावरून त्यांनी तिला नद्यांचा संगम दाखवला, अंबडला पायऱ्यापायऱ्यांची बारव दाखवली. बारवेत ती पाण्याकडे इतका वेळ बघत बसली, की शेवटी मीच तिचा हात ओढला. हात गार होता.

मग कालवा. वाटेत नदी आडवी आलेली, म्हणून तो तिथे जमिनीत बुडी मारून पलीकडच्या काठावर वर यायचा. वडील हरखून गेले. "हा सायफन. पाणी नदीच्या पोटाखालून जातं अन् पलीकडं बराबर वर येतं!" त्यांनी सायफनच्या तोंडाशी गरगरणाऱ्या भोवऱ्यात एक नारळ टाकला, आणि तो निघतो कसा हे बघायला आम्ही दोघे नदीवरच्या पुलावरून पळत सुटलो. आत्या चहाला पाणी आणते म्हणून मागे राहिली. गाडीतलं पिंप भरलेलं होतं, हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

पलीकडे आम्ही वाकून बघत राहिलो. नारळ आला नाही. वर आली ती आमची निळी प्लास्टिकची कळशी, उपडी. वडील मागे वळले. परत पळताना त्यांची एक चप्पल पुलावरच राहिली. आत्या कालव्याच्या शेवटच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात, काठाला बसवलेली लोखंडी साखळी घट्ट धरून उभी होती.

"पाय घसरला," ती म्हणाली.

वडिलांनी तिला वर ओढलं आणि गाडी घराकडे वळवली. पुन्हा ती गाडी सहलीला निघाली नाही.

वडील गेल्यानंतर मी धीर करून आत्याला विचारलं. ती अंगणात तूर निवडत होती.

"घसरला न्हाई रे. मी उतरल्ते. आधी कळशी सोडून बघितली, जल्दी गेली. मंग पलीकडून दादाचा आवाज आला. 'आला का, आला का' करून राह्यल्ता, लेकरावानी. म्हणलं, ह्यानं मला फिरवायला आणलंय. तो नारळाची वाट बघतोय, अन् मीच निघाले तर?"

एवढं बोलून ती पुन्हा तूर निवडू लागली. काही गोष्टी अशा उशिराच पोचतात, आणि ज्याला त्या कळायला हव्या होत्या, तो तोवर निघून गेलेला असतो. वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले, ती सहल फुकट गेली.