पाच घरचं लोखंड

आमच्या कॉलेजने मला ताईत गोळा करायला कोल्हापूरला पाठवलं आहे, असं स्वारगेटला गाडीत बसल्या बसल्या शेजारच्या गृहस्थांना सांगितलं, तेव्हा ते अंग चोरून खिडकीकडे सरकले. कराड येईपर्यंत ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. कॉलेजात लोकजीवनातल्या वस्तूंचं एक कपाट भरायचं होतं आणि मी पडलो सडाफटिंग, पायाला भिंगरी लागलेला. एका गावी दोन दिवस झाले की मला करमेनासं होतं. या कामाला माझ्याइतका योग्य माणूस दुसरा नाही, असं सगळ्यांचं मत होतं आणि माझंही होतं.

कोल्हापुरात पहिले दोन दिवस नुसता भटकलो. गंडे, ताईत, बिब्ब्यांच्या माळा, नव्या घराच्या चौकटीवरून उतरवलेली एक काळी बाहुली, असं बरंच काही जमलं. लोक मोकळे होते. मागेल ते दाखवत आणि वर विचारत, "पावणं, तुमच्या सायबास्नी भूत लागलंय का?" मी हसत होतो, पण मनातून धुसफुसत होतो. मिळालं ते सगळं इतर गावांतही मिळालं असतं. कपाटात ठेवल्यावर लोक थबकतील अशी एक तरी वस्तू मला हवी होती.

ती मुरगूडला मिळाली. गाडीतून उतरून गावाबाहेरच्या वस्तीकडे निघालो. दोन्ही बाजूंना ऊस आणि हवेत गुऱ्हाळांचा गोड धूर. एका घरापाशी पाणी मागितलं. घरची बाई, तानाक्का, पस्तिशीतली असेल. नवरा गुऱ्हाळावर गेला होता. तिने पाणी तर दिलंच, शिवाय ताटलीत भाकरी आणि काकवी (उसाच्या रसाचा पातळ पाक) आणून ठेवली. मी दोन भाकऱ्या हाणल्या.

समोर गोधडीवर तिची दहा-अकरा महिन्यांची मुलगी रांगत होती. तिच्या उजव्या पायात लोखंडी वाळा (लहान मुलांच्या पायातलं कडं) होता. काळा, ओबडधोबड, एका ठिकाणी जाड, एका ठिकाणी बारीक, जणू चार जातींचं लोखंड एकात ठोकलं होतं. असा वाळा मी कधी पाहिला नव्हता. मी विकत मागितला. तानाक्का नको म्हणाली. मग मी हात पुढे करून म्हटलं, "बरं, असाच द्याल का?"

 तिने उठून पाणी आणि साबण आणला, पोरीचा पाय बुळबुळीत करून वाळा हळूच काढला, धुतला, पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी पोरीला खाऊ पाठवतो, खेळणं पाठवतो, असं काहीबाही बोललो. ती मान हलवत राहिली. परतीच्या गाडीत मी वहीत वाळ्याचं वजन अंदाजाने लिहिलं, घेर सुतळीने मोजून लिहिला आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात जुने ताईत नव्या दोऱ्यात ओवून घ्यायला पटवेगाराकडे (रेशमी दोऱ्यात दागिने गाठवणारा कारागीर) गेलो. म्हातारा माणूस, सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून त्यांचं काम चाललं होतं. ताईत बघता बघता त्यांच्या हाताला वाळा लागला आणि दोरा तसाच राहिला.

"ह्यो कुणी दिला तुमास्नी?"

मी ऐटीत सगळं सांगितलं. विकत देत नव्हती, मागितल्यावर दिला, असंही सांगितलं.

चाचांनी वाळा फडक्यावर ठेवला. मग त्यांनी मला समजावलं ते असं. जिची मुलं जगत नाहीत, ती बाई पदर पसरून पाच घरी लोखंडाची भीक मागते. कोणी खिळा घालतं, कोणी नाल, कोणी विळ्याचं मोडकं पातं. लोहार त्याचा वाळा करून देतो. असं लोखंड विकायचं नसतं. पण कुणी मागितलं तर नाही म्हणायचीही सोय नसते, कारण ते मुळात मागूनच आलेलं असतं.

"तिची आदी किती गेलीत?" चाचांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. वजन लिहिलं होतं, घेर लिहिला होता. हे विचारायचं सुचलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली. चाचा पुन्हा दोऱ्याकडे वळले आणि खाली बघूनच म्हणाले, "सकाळची पयली गाडी सात वाजता हाय."

त्या गाडीचं चाक वाटेत पंक्चर झालं. ड्रायव्हर-कंडक्टर निवांत होते, प्रवासी उसाची कांडी सोलत होते आणि मी रस्त्यावर येरझारा घालत होतो. कुणीतरी मलाही कांडं दिलं. ते हातात धरून मी चालत राहिलो, खायचं भानच नव्हतं. कसल्या तरी लोखंडाच्या तुकड्यासाठी एवढं काय, असं स्वतःला बजावत होतो आणि तरी गाडी का निघत नाही म्हणून कासावीस होत होतो.

पोहोचलो तर पोर तानाक्काच्या मांडीवर तापाने फणफणली होती.  मी वाळा पुढे केला, चुकलो म्हणालो.

"तुमचं काय चुकलं? मागितलंसा, म्या दिला," ती म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. "डागदरांनी सुई दिलीया. पर ह्यो आता घेता येत न्हाय. दिलेलं माघारी घेतलं की ते घरचंच लोखंड हुतंय. घरच्या लोखंडाचा वाळा घातलेली माझी तीन गेली."

मग तिने सांगितलं की नव्या वाळ्यासाठी सकाळपासून चार घरं मागून झाली आहेत, एक राहिलं आहे. असं म्हणत ती उठली, पोरीला कडेवर घेतलं आणि माझ्यासमोर पदर पसरून उभी राहिली.

"दादा, तुमच्या घरचं लोखंड घाला."

मी खिसे चाचपले. मोजायची पोलादी टेप कॉलेजची होती, चाकू उसना आणलेला होता. माझ्या घरचं म्हणावं असं एकच लोखंड जवळ होतं, पुण्यातल्या माझ्या खोलीची किल्ली. लांब दांड्याची, जुन्या घडणीची. ती मी तिच्या पदरात टाकली. तिने ती कपाळाला लावली. पोरीचं कसं काय ते कळवा, म्हणून एका कागदावर पत्ता लिहून दिला. वाळा मात्र तिने घेतला नाही. तो तुमचा झाला, म्हणाली.

पुण्याला पोहोचून घरमालकांच्या देखत स्वतःच्याच खोलीचं कुलूप फोडलं. किल्ली कुठे हरवली, असं त्यांनी विचारलं. ती एका पोरीच्या पायात घालायला दिली, असं खरं ते सांगितलं, तेव्हा त्यांनीही स्वारगेटच्या त्या गृहस्थांसारखं तोंड केलं. कपाटात मी बाकी सगळं ठेवलं. वाळा ठेवला नाही.

या असल्या गोष्टींवर माझा विश्वास बसला का, असं पुढे मला पुष्कळांनी विचारलं. नाही बसला. ताप सुईनेच उतरतो. पण पुढचे पंधरा-वीस दिवस मी कुठेही गेलो नाही. कॉलेजातून तडक घरी यायचो आणि दारातल्या टपालपेटीत हात घालायचो. आयुष्यात प्रथमच मला घराबाहेर चैन पडत नव्हतं.

मग एके दिवशी मुरगूडचा शिक्का असलेलं कार्ड आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, अक्षर शाळामास्तरासारखं वळणदार. मायना, नमस्कार, काही नव्हतं. पत्त्याच्या मागची सगळी बाजू कोरी आणि मधोमध दोनच शब्द:

"पोरगी हाय."