बातमी खालून कापतात

काल संध्याकाळी अंकाचं पान लावताना आमच्या प्रदीपने रोजच्यासारखं विचारलं, "मॅडम, जाहिरात आलीय. आफ्रिका कापू?"

वर्तमानपत्रात बातमी खालून कापतात. महत्त्वाचं वर असतं, असं आम्ही धरूनच चालतो. आफ्रिकेतल्या मलावी देशात, एका खेड्यात हातपंपाचं थाटात उद्घाटन झालं, पण पंपाला पाणीच नव्हतं. म्हणून बायका रिकाम्या बादल्या घेऊन रस्त्यावर बसल्या, एवढीच ती बातमी. वर मंत्री, मधे निधी. ज्या बाईने सगळ्यांना गोळा केलं, तिचं नाव आणि बोलणं अगदी शेवटी: "आम्ही काय भाषण प्यायचं?"

"काप," मी म्हटलं. पान छान बसलं.

आज सकाळपासून मात्र घरात नुसती येरझारा घालतेय. वर काय आणि खाली काय, हे इतकी वर्षं कोणाच्या डोळ्यांनी ठरवत आले मी? चहासाठी नळ सोडला, भांडं भरून वाहायला लागलं तरी तशीच उभी. मंत्र्याचं नाव पाठ आहे. तिचं आठवत नाही. या अख्ख्या शहरात ते बहुधा मी एकटीनेच वाचलं होतं.